पांढऱ्या चकत्या

"ओढा सिस्टर, ओढा! घाबरताय काय? जोर लावून ओढा की!"

मालनताई खुर्चीत मान पुढे करून बसल्या होत्या आणि त्यांची मनगटाएवढी वेणी माझ्या हातात होती. वॉर्डातल्या सगळ्या खुर्च्या आमच्याकडे बघत होत्या. केमोच्या वॉर्डात कुणाची वेणी ओढायची म्हणजे काय चेष्टा आहे? तिथे बायका कंगवासुद्धा जपून लावतात. पण ही बाई ऐकेल तर शपथ.

मी हलकेच ओढली.

"असं न्हाई ओ. नळावरच्या भांडणात ओढतात तशी ओढा."

ओढली. एक केस हातात आला नाही. मालनताईंनी वॉर्डभर नजर फिरवली आणि गाडीत उभं राहून सांगावं तसं जाहीर केलं, "बघितलं का सगळ्यांनी? दोन डोस झालं, आज तिसरा. एक केस गेला न्हाई, एक उलटी न्हाई. काल ठेच्यासंगं दोन भाकरी खाल्ल्या. हाताला गुण म्हणतात तो ह्यो. एस्तेर सिस्टरशिवाय मी दुसऱ्या कुणाकडनं सुई टोचून घेणार न्हाई, सांगून ठेवते."

मी फुगले. खोटं कशाला बोलू? तोंडाने म्हणाले, "पुरे आता, हात द्या इकडे," पण आतून गुदगुल्या होत होत्या.

याला आता बारा वर्षं झाली. मी, एस्तेर आवळे, तेव्हा मिरजेच्या एका हॉस्पिटलात केमोच्या वॉर्डाची इन्चार्ज होते. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली चौदा याच वॉर्डात. जीभ तिखट होती, आजही आहे. नवीन पोरी माझ्या चपलांचा आवाज ओळखायच्या आणि हातातला मोबाइल खिशात टाकायच्या.

मालनताई चौगुले एसटीत कंडक्टर. मिरज–जत गाडीवर. वय चव्वेचाळीस. छातीतली गाठ काढून झाली होती, पण आजार यकृतात उतरला होता. दोन प्रकारची औषधं देऊन झाली, दोन्ही थकली. तेव्हा आमच्या डॉक्टर पट्टणशेट्टींनी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला केबिनमध्ये बसवून साफ सांगितलं होतं, "एक नवीन औषध चाचणीसाठी आलंय. ते लागू पडलं तर वर्षं मिळतील. नाही पडलं तर माझ्या कपाटात आता दुसरं काही नाही." मी दाराशी उभी होते. नवरा खाली बघत राहिला. मालनताईंनी विचारलं, "वर्षं म्हंजे किती?" डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग घाला माझं नाव. कुठं सही करायची?"

औषध कसं चालतं ते डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोरच समजावलं होतं. नेहमीचं औषध रक्तात सोडलं की अंगभर फिरतं आणि गाठीबरोबर केसांची मुळं, आतडी, तोंड, सगळ्यांनाच झोडपतं. या नव्या प्रकारात तेच औषध प्रथिनाच्या बारीक कणांत गुंडाळलेलं असतं. कण किती बारीक, तर एका केसाच्या जाडीत पाचशे शेजारी शेजारी मावतील. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, कच्च्या असतात. त्यांना फटी असतात. कण त्या फटींतून गाठीत शिरतात, धडधाकट जागी फारसे शिरत नाहीत.

"म्हंजे विनाथांबा गाडी," मालनताई म्हणाल्या. "मधी कुणी उतरायचं न्हाई."

डॉक्टर हसले. "थोडे उतरतातच. केस विरळ होतील, तोंड येईल. पण पहिल्यासारखा त्रास नाही."

असे चार पेशंट या औषधावर घेतले होते. बाकीचे तिघं गुरुवारी यायचे. गुरुवारी माझी सुट्टी. त्यांचं सगळं तबस्सुम बघायची, तबस्सुम मुजावर, माझ्या हाताखालची स्टाफ नर्स. पोरगी हुशार, पण बोलायला निम्मी. मालनताईंनी मात्र पहिल्याच दिवशी मला पकडलं होतं आणि सोमवारच मागून घेतला होता.

आता फिल्टरचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

फिल्टर म्हणजे सलाईनच्या नळीत मध्येच बसवायची रुपयाएवढी चपटी चकती. आत इतकी बारीक जाळी, की जंतूसुद्धा पलीकडे जात नाही. याच औषधाचा जुना प्रकार आम्ही वर्षानुवर्षं देत होतो. तो बाटलीत राहून राहून कधीकधी खडे धरायचा, म्हणून त्याला फिल्टर लावल्याशिवाय सोडायचं नाही हा नियम. मालनताई यायच्या सात वर्षं आधी एका सिस्टरने गडबडीत तो लावला नाही. कवठ्याचा एक मास्तर होता. माझ्यासमोर त्याला थंडी भरली, दात वाजायला लागले, बीपी हातातून सुटलं. दोन दिवसांनी आयसीयूतच वारला. डॉक्टर म्हणाले, कारण तेच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून लग्नात मंगळसूत्र विसरेल एखादा, पण माझ्या वॉर्डात फिल्टर विसरायचा नाही.

नव्या औषधाचं ट्रेनिंग पुण्याला होतं. जायचं होतं मलाच. पण माझ्या भाच्याचं लग्न त्याच दिवशी निघालं, म्हणून मी तबस्सुमला पाठवलं. ती परत आली आणि पहिल्या डोसच्या दिवशी, मी मालनताईंची नळी जोडत असताना, शेजारी येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, या औषधाला फिल्टर लावायचा नाही असं सांगितलंय तिथं."

मी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. "कुणी सांगितलंय?"

"ट्रेनिंगच्या मॅडमनी. कागदावर पण आहे."

"त्या मॅडम बसतात पुण्यात, एसीत. रिअ‍ॅक्शन आली की धावायचं कुणी? तू की मी?"

"मी, म्हणजे... आपण, सिस्टर."

"मग? तू शाळेत होतीस तेव्हापासून मी फिल्टर लावतेय. जास्तीची काळजी घेतली म्हणून कुणी मेलं नाही आजवर. जा, चार नंबरची बाटली संपलीय बघ."

ती गेली. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. चाळीस-पंचेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. मी डोस, वेळ आणि वेग एवढी पानं वाचली होती. चौदा वर्षं जे रोज केलं ते परत काय वाचायचं?

त्या औषधाला उजेड चालत नाही, म्हणून बाटलीवर काळी पिशवी आणि खालची नळी गडद तपकिरी. आत काय चाललंय ते बाहेरून दिसायचं नाही. पंप मात्र सारखा बोंबलायचा. पहिल्या डोसला दोनदा, दुसऱ्याला तीनदा आणि या तिसऱ्याला, वेणीच्या दिवशी, चार वेळा. बोंबलला की मी बघायचे, फिल्टर जाम. चकती उघडून बघावी तर आतून पांढरी झालेली, दुधाच्या भांड्याला साय धरते तशी. मी ती काढायचे, नवीन लावायचे. पंप परत चालू.

त्या दिवशी तिसरी चकती काढली तेव्हा मी ती मालनताईंच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघा. हा गाळ बघा. हे सगळं अंगात गेलं असतं तुमच्या."

मालनताईंनी रिकाम्या हाताने कपाळाला स्पर्श केला. "देव बरा तुमच्या रूपानं इथं बसलाय ओ," त्या म्हणाल्या.

मी चकती कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. तबस्सुम समोरच्या खुर्चीपाशी उभी होती. तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागली.

तिसऱ्या डोसनंतर स्कॅन झाला. चौघांचे कागद एकदमच आले. गुरुवारच्या तिघांच्या गाठी आखडल्या होत्या, एका म्हाताऱ्याची तर निम्म्यावर आली होती. त्या तिघांचे केस मात्र विरळ झाले होते, तोंडं आली होती. मालनताईंची गाठ वाढली होती.

डॉक्टरांनी मालनताईंना आत बोलावलं. मीही गेले. ते म्हणाले, "काही काही शरीरं या औषधाला दाद देत नाहीत. का, ते आम्हालाही कळत नाही. वाढ अजून चाचणीच्या नियमाच्या आत आहे म्हणून पुढचे तीन डोस देऊन बघू. पण मी खोटी आशा दाखवणार नाही."

मालनताईंनी पहिल्यांदाच आवाज बारीक करून विचारलं, "पण मला तर कायच तरास न्हाई, डॉक्टर. मी सगळ्यांत बरी हाय. मग मलाच कसं?"

डॉक्टरांनी पुढच्या डोसची तारीख कागदावर लिहून दिली. बाहेर आल्यावर मालनताईंनी माझा हात धरला. "सिस्टर, मी काय कमी पडले का ओ? पथ्य पाळलं, येळेवर आले."

"तुम्ही नाही हो कमी पडलात," मी म्हणाले. "शरीर असतं एकेकाचं." असं मी सांगितलं. माझ्या तोंडाने.

चौथ्या डोसच्या दिवशी तपकिरी नळ्या संपल्या होत्या. स्टोअरने साध्या पारदर्शक पाठवल्या आणि सोबत गुंडाळायला काळा कागद. मी कटकट करत कागद गुंडाळला, फिल्टर लावला, पंप सुरू केला. वीस मिनिटांनी पंप बोंबलला.

"रुसला तुमचा जावई," मालनताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या गप्प गप्पच होत्या, तेवढंच बोलल्या.

कुठे अडलंय ते कळेना म्हणून मी चकतीच्या दोन्ही बाजूंचा काळा कागद सोलून काढला.

चकतीच्या वरची नळी पांढरी होती, ताकासारखी घट्ट पांढरी. खालची नळी, मालनताईंच्या हातात जाणारी, स्वच्छ पाण्याची होती.

मी बघत राहिले. मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय. मग कळलं आणि कानांत काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. वॉर्डातला टीव्ही चालू होता, त्याचा आवाज येईना. मी पंपाचा खांब धरला. देवा येशू, देवा येशू, एवढंच डोक्यात. तीन डोस. दोन अधिक तीन अधिक चार, नऊ चकत्या, शिवाय दर डोसची शेवटची. सगळ्या मी माझ्या हाताने पिवळ्या डब्यात टाकल्या होत्या. औषध टाकलं होतं मी. बाईला पाणी चढवलं होतं.

"काय झालं सिस्टर?" मालनताई विचारत होत्या. "तोंड का असं केलंय?"

"काही नाही. जाम झालंय," मी म्हणाले. "तबस्सुम! इकडे ये जरा."

ती आली. मी विचारलं, "गुरुवारी तुझ्या पेशंटच्या नळीत खाली कुठला रंग असतो?"

"पांढराच, सिस्टर. वर तसा खाली."

"तू फिल्टर..."

"नाही लावत," ती म्हणाली आणि मग तिची नजर नळीवर गेली. वर पांढरी, खाली पाणी. तिने हात तोंडावर नेला. "सिस्टर, डॉक्टरांना..."

"गप्प बस," मी दातांतून म्हणाले. "आधी औषध जाऊ दे. नवीन सेट आण. फिल्टर नको."

तिने आणला. मी जोडला. दोनदा नळी सुटली. मग पांढरं औषध खाली उतरलं, हळूहळू, शिरेपर्यंत. मालनताई ते बघत होत्या.

"आज दूध चढवताय काय?" त्या म्हणाल्या.

मी हसले. कसं हसले असेन देव जाणे.

घरी जायच्या आधी मी तबस्सुमला स्टोअररूममध्ये घेतलं. "तू परत का नाही बोललीस? तीन डोस मी चकत्या बदलतेय, तू बघतेयस!" मी तिच्यावरच ओरडले. चोर तो चोर, वर शिरजोर.

ती रडायला लागली. "एकदा बोलले होते, सिस्टर. तुम्ही सगळ्यांसमोर... मला वाटलं तुम्ही डॉक्टरांना विचारून करताय. मग वाटलं, मलाच कळलं नसेल नीट."

तिचं काय चुकलं होतं? मी म्हटलं, "हे बघ, आता औषध बरोबर जातंय. पुढचे दोन डोस बरोबर जातील. गाठ बसेल. बोलून काय होणारे? डॉक्टरांनी कागद पुढे पाठवलेत, सगळी चाचणीच गोत्यात येईल. तू बोलू नकोस, मी बघते काय ते."

ती "बरं" म्हणाली. मी दुसऱ्यांदा तिचं तोंड बंद केलं.

मी बघते म्हणाले, पण मी काहीच बघितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टर राउंडला यायचे, "काय एस्तेर सिस्टर, सगळं ठीक?" विचारायचे, आणि मी म्हणायचे, "ठीक, सर." चर्चमध्ये जाऊन बसले, अर्ध्यातून उठून आले. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. सगळ्या हॉस्पिटलात माझं नाव घेऊन पोरींना सांगायचे, काम करावं तर एस्तेर सिस्टरसारखं. ते नाव मला सोडवेना. एवढीच गोष्ट.

आठव्या दिवशी, मंगळवारी, मालनताईंचा फोन आला. तोंडात फोड आलेत, पाणी गिळवत नाही. मी म्हणाले, "औषध लागू पडतंय, मालनताई. धीर धरा."

अकराव्या दिवशी त्यांना रिक्षातून उतरवून आणलं. अंगात ताप, ओठ फुटलेले, डोळे खोल. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. नवऱ्याच्या हातात एक कॅरीबॅग होती. मला वाटलं कपडे असतील. मालनताईंनी ती माझ्या हातात दिली. आत केस होते. सगळी वेणी, सुटून, गुंतून.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, बोलताना तोंड दुखत होतं, "तुमच्या हाताला काय झालं ओ?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सलाईनची तयारी करायला लागले.

डॉक्टर आले, तपासलं, कागद बघितले. मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हिला चाचणीतून काढतोय. गाठ वाढतेय आणि आता त्रासही सुरू झाला. फायदा नाही, नुसती शिक्षा. नवऱ्याला पाठवा आत, समजावून सांगतो. घरी घेऊन जा, चांगलंचुंगलं खाऊ घाला म्हणावं."

ते असं म्हणतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. औषध बंद. म्हणजे मालनताई संपल्या. कपाटात दुसरं काही नव्हतं. आणि जो त्रास बघून ते औषध बंद करत होते, तो तर औषध पहिल्यांदा पोचल्याचा त्रास होता!

"सर, बंद करू नका," मी म्हणाले.

"सिस्टर, तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. पण चार डोस झाले..."

"चार नाही. एक."

"काय?"

"तीन डोस गेलेच नाहीत, सर. मी फिल्टर लावला होता. सगळं औषध जाळीवर बसत होतं. मी ते कचऱ्यात टाकलं. खाली पाणी जात होतं. हा चौथा तेवढा गेलाय. तोही पुरता नाही."

डॉक्टर पट्टणशेट्टींना मी वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी तो स्कॅन परत हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"म्हणजे हा औषधाविनाचा स्कॅन आहे," ते म्हणाले. "आणि मी त्या बाईला सांगितलं, तुमचं शरीर दाद देत नाही."

मी रडत होते. ते म्हणाले, "उठा. तिला सांगायला चला."

"मी? सर, तुम्ही सांगा ना. मला नाही होणार."

"मी शेजारी उभा राहतो. सांगायचं तुम्ही."

मालनताई कोपऱ्यातल्या पलंगावर होत्या. नवरा पायाशी बसला होता. तबस्सुम त्यांचा ताप बघत होती, आम्हाला बघून बाजूला झाली. मी उभ्या उभ्या सांगितलं. काही लपवलं नाही. चकती, गाळ, पिवळा डबा, तबस्सुम म्हणाली होती ते, मी तिला काय म्हणाले ते, सगळं. सांगताना त्यांच्या नवऱ्याने एकदा "आँ?" केलं, तेवढंच.

मालनताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तीन महिनं गाडी स्टँडावरच हुती."

"होय."

"आणि मी सगळ्यास्नी सांगत हुते, गाडी काय मऊ चालतीया, एक धक्का न्हाई!" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, फुटल्या ओठाला हात लावून. "वेणी ओढून दावली की ओ मी! अगं आई गं."

त्यांना हसताना बघून माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांचे पाय धरायला वाकले. म्हणाले, "मालनताई, मला माफ करा. आता औषध बंद होणार नाही. सर वर लिहून परवानगी काढतील. आता नीट जाईल."

"असू दे ओ. चूक माणसाकडनंच हुती. मुद्दाम थोडंच केलासा?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून विचारलं, "कवा कळलं तुम्हाला?"

मी मान वर केली नाही.

"आज कळलं?"

"नाही."

"मग?"

"चौथ्या डोसला. नळी पारदर्शक होती, तेव्हा दिसलं."

त्यांनी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. ओठ हलत होते. माझ्या डोक्यावरचा हात उचलला गेला.

"अकरा दिस," त्या म्हणाल्या. "मी मंगळवारी फोन केला हुता. तोंडात फोड आल्यात म्हणून. तुम्ही म्हणालासा, धीर धरा. तवा तुम्हाला ठावं हुतं?"

"होय."

"आणि आज डॉक्टर औषध बंद करणार न्हवतं, तर?"

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. नवरा आता माझ्याकडे बघत होता.

"न्हाई, मी इचारतीया," मालनताई म्हणाल्या. रागाने नाही. तिकीट नसलेल्या माणसाला विचारावं तसं, सरळ. "तर सांगितलं असतासा?"

मला 'होय' म्हणायचं होतं. पण ते खोटं झालं असतं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "ती तीन महिन्याची चूक मी सोडली, सिस्टर," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ सोडली. ह्या अकरा दिसांचं काय करू, तेवढं सांगा." मग, "तबस्सुमला बोलवा. मला सुई लावायची असंल तर तिला सांगा."

मी तबस्सुमला बोलावलं.

वर कळवलं गेलं, चौकशी झाली. माझ्याकडून वॉर्डाची जबाबदारी काढून घेतली आणि मला त्याच मजल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने नवा स्कॅन मागितला आणि मालनताईंना औषध चालू ठेवायची परवानगी दिली. यकृतातली गाठ पुढच्या चार डोसांत निम्म्याच्या खाली आली. पण मणक्यात एक नवा ठिपका निघाला होता. तो त्या तीन महिन्यांतला की आधीचा, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही. मालनताई एकोणीस महिने जगल्या. त्यातले सात महिने परत गाडीवर गेल्या, डोक्याला रुमाल बांधून, जतच्या रस्त्याला.

मला वाटलं होतं, त्या माझं तोंडही बघणार नाहीत. तसं झालं नाही. डोसला आल्या की वॉर्डात माझी चौकशी करायच्या. मी जायचे. माझ्या भाच्याच्या बायकोला दिवस गेले ते त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मुलगी हुईल बघा, पेढं ठेवा मला." गाडीतल्या गमती सांगायच्या, हसवायच्या. ड्रेसिंगच्या खोलीत एकटीच बसता, कंटाळा येत नाही का म्हणून विचारायच्या. सगळं पहिल्यासारखं.

फक्त मी खुर्चीपाशी पोचले की, बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, त्या सुई लावलेला हात पदराखाली ओढून घ्यायच्या.